डहाणू-तलासरी हादरायच्या १,९०० वर्षं आधी भूकंपाचा अलार्म बनवणारा झांग हेंग

२०१८ ची दिवाळी नुकतीच सरली होती. पालघर जिल्ह्यातल्या डहाणू आणि तलासरी तालुक्यात जमिनीखालून आवाज यायला लागले. सुरुंग उडाल्यासारखा आवाज आणि पाठोपाठ हादरा. धुंदलवाडी, दापचरी, चिंचले, सासवंद ही नावं तोवर मुंबईच्या बातम्यांत क्वचितच यायची. आता ती रोज यायला लागली.

१ फेब्रुवारी २०१९ ला एकाच दिवसात धक्क्यामागून धक्के बसले. सगळ्यात मोठा ४.१ तीव्रतेचा होता. त्या धावपळीत घराबाहेर पळताना पडून दोन वर्षांची एक चिमुरडी दगावली. प्रशासनाने तंबू उभारले. ऐन थंडीत लोक पोराबाळांना घेऊन तंबूत झोपले आणि शाळांचे वर्ग उघड्यावर भरले.

असं काही सुरू झालं की एक प्रश्न हमखास येतो. भूकंपाचा अलार्म मिळतो म्हणे, तो घ्यावा का? त्याच्या मागोमाग दुसरा प्रश्न येतो. कुणीतरी कधीतरी घेतलेलं, कपाटात धूळ खात पडलेलं यंत्र आता खिळ्याला टांगलं तर वाजेल का?

या दोन्ही प्रश्नांशी ज्याचा सगळ्यात जुना संबंध आहे, तो माणूस चीनमध्ये जन्मला होता आणि त्याला जाऊन १,८०० वर्षांहून जास्त काळ लोटलाय. त्याचं नाव झांग हेंग.

इ.स. ७८ मध्ये चीनमधल्या नानयांग भागात त्याचा जन्म झाला. आजच्या हेनान प्रांतात हा भाग येतो. आजोबा झांग कान हे मोठे सरकारी अधिकारी. घराण्याला नाव होतं. सोळा-सतराव्या वर्षी पोरगं घर सोडून शिकायला निघालं. आधी जुनी राजधानी चांगआन, मग तेव्हाची राजधानी लुओयांग. तिथल्या राजविद्यापीठात तो शिकला आणि तिथेच त्याला त्सुई युआन नावाचा मित्र मिळाला. ही मैत्री शेवटपर्यंत टिकली. हा मित्र शेवटी पुन्हा येणार आहे, लक्षात ठेवा.

आता गंमत अशी की झांग हेंगचं पहिलं नाव झालं ते कवी म्हणून. यंत्रबिंत्र नंतर आलं. चांगआन आणि लुओयांग या दोन राजधान्यांवर त्याने लांबलचक काव्यं रचली आणि त्यासाठी तब्बल दहा वर्षं घालवली. वरकरणी शहरांचं वर्णन, पण आत सरदार-दरबाऱ्यांच्या उधळपट्टीवर चांगलाच चिमटा. दरम्यान नोकरी कुठे? आपल्याच जिल्ह्यात, राज्यपालाच्या कचेरीत कागदपत्रं सांभाळायची. राजधानीतून चांगल्या जागांसाठी बोलावणी आली, ती त्याने नाकारली आणि घरी बसून गणित आणि आकाश वाचत राहिला.

शेवटी थेट बादशहाकडूनच बोलावणं आलं तेव्हा जावं लागलं. इ.स. ११५ च्या सुमारास तो दरबाराचा मुख्य खगोलाधिकारी झाला. म्हणजे पंचांग बनवणं, ग्रहणं सांगणं, आकाशात काही वेगळं दिसलं तर त्याची नोंद करणं. आणि भूकंप झाला तर तोही याच खात्यात नोंदवायचा.

हे शेवटचं काम नीट समजून घ्यायला हवं. त्या काळच्या चीनमध्ये भूकंप म्हणजे निसर्गाची नुसती घटना नव्हती. बादशहाचं काहीतरी चुकलं म्हणून स्वर्गाने दिलेला तो इशारा, असं मानलं जायचं. भूकंप झाला की दरबारात कुणाची तरी खुर्ची हलायची. त्यामुळे भूकंप कुठे झाला, कधी झाला, किती मोठा झाला, याच्या बातमीला राजकीय वजन होतं. शिवाय पडलेल्या भागात धान्य, माणसं, पैसा पाठवायचा तर आधी ते पडलंय हे कळायला हवं. बातमी यायची घोडेस्वाराकडून, कित्येक दिवसांनी.

खगोलाधिकारी म्हणून झांग हेंगने जे केलं त्याची यादी मोठी आहे, पण ती थोडक्यात आटपू. सुमारे २,५०० तारे आणि १२४ तारकासमूह त्याने नोंदवले. चंद्राला स्वतःचा प्रकाश नाही, तो सूर्याचा प्रकाश परत फेकतो आणि पृथ्वीची सावली पडली की ग्रहण लागतं, हे त्याने लिहून ठेवलं. आकाश अंड्यासारखं आणि पृथ्वी आत बलकासारखी, अशी त्याची कल्पना होती. वर्तुळाच्या परिघाचं गुणोत्तर त्याने दहाच्या वर्गमुळाइतकं, म्हणजे ३.१६२ धरलं. आकाशाचा फिरता गोल त्याने पाण्याच्या जोरावर चालवून दाखवला. घटिकापात्रातलं पाणी कमी होत गेलं की वेळ चुकते, म्हणून मध्ये आणखी एक टाकी बसवून ती चूक कमी केली.

या शेवटच्या गोष्टीत त्याचा स्वभाव दिसतो. यंत्र नुसतं बनवून तो थांबत नव्हता. ते कशामुळे हळूहळू खोटं बोलायला लागतं, हे शोधायची त्याला खोड होती.

दरबारात हीच खोड त्याला महागात पडली. तेव्हा भविष्य सांगणाऱ्या पोथ्यांची चलती होती आणि खुद्द राजघराण्याचा त्यांच्यावर भरवसा. झांग हेंगने बादशहाला अर्ज लिहून सांगितलं की या पोथ्या बनावट आहेत, यांच्यावर बंदी घाला. कालगणनेच्या वादातही तो पोथीवाल्यांच्या विरोधात उभा राहिला. बढत्या रखडल्या, एकाच हुद्द्यावर तो वर्षानुवर्षं राहिला.

आणि मग आलं इ.स. १३२ हे साल.

झांग हेंगने दरबारापुढे एक यंत्र मांडलं. नावाचा अर्थ साधारण असा, वारा आणि जमिनीची हालचाल टिपणारं यंत्र. त्याचं वर्णन आपल्याला मिळतं ते पुढे पाचव्या शतकात फान ये या इतिहासकाराने लिहिलेल्या, हान राजवटीच्या इतिहासात. ते वर्णन फक्त १९६ चिनी अक्षरांचं आहे. जगातल्या पहिल्या भूकंपयंत्राबद्दल आपल्याला जे ठाऊक आहे, त्यातलं बहुतेक त्या १९६ अक्षरांत बसतं.

यंत्र होतं कांशाचं, मद्याच्या मोठ्या रांजणासारखं. व्यास आठ चिनी फूट, म्हणजे आजच्या मापात पावणेदोन मीटरच्या पुढे. वर घुमटासारखं झाकण. बाहेरून आठ दिशांना आठ ड्रॅगन, प्रत्येकाच्या तोंडात कांशाचा एक गोळा. खाली आ वासून बसलेले आठ बेडूक. रांजणाच्या पोटात मधोमध एक खांब आणि आठ बाजूंना जाणारी यंत्रणा. जमीन हलली की खांब कलायचा, त्या दिशेच्या ड्रॅगनचं तोंड उघडायचं आणि गोळा खालच्या बेडकाच्या तोंडात पडायचा. आवाज व्हायचा. राखणदार धावत यायचा. एक गोळा पडला की बाकीचे सात जागच्या जागी राहायचे, म्हणून दिशा कळायची.

अलार्म म्हणून बघितलं तर आजच्या यंत्रात जे असतं ते सगळं त्यात आहे. हालचाल ओळखणारा भाग, ती ओळख पक्की धरून ठेवणारा भाग आणि माणसाला उठवणारा आवाज. शिवाय एक गोष्ट आजच्या घरगुती यंत्रात बहुधा नसते. त्याच्याजवळ एक माणूस नेमलेला होता.

एके दिवशी एक गोळा पडला. लुओयांगमध्ये कुणालाही काही जाणवलं नाही. पाण्याच्या भांड्यात साधा तरंग नाही. राजधानीतल्या विद्वानांनी डोकी हलवली. यंत्र बिघडलं असणार. कित्येक दिवस गेले आणि वायव्येकडच्या लाँगशी भागातून निरोप्या आला. तिकडे खरोखरच भूकंप झाला होता. लाँगशी लुओयांगपासून शेकडो किलोमीटर दूर. त्यानंतर मात्र लोकांनी तोंडात बोटं घातली आणि पुढे कुठल्या दिशेला भूकंप झाला याची नोंद खगोल खात्याने ठेवायची, असं ठरलं.

इथे एक घोटाळा नेहमी होतो. झांग हेंगचं यंत्र भूकंपाचं भाकीत करायचं, असं सोशल मीडियावर वाचायला मिळतं. ते चुकीचं आहे. गोळा पडला तेव्हा लाँगशीतली घरं आधीच पडलेली होती. यंत्राने वाचवले ते दिवस. घोडेस्वार पोचायच्या कितीतरी आधी राजधानीला कळलं की वायव्येला काहीतरी झालंय आणि मदत काढायला हवी. जिथे जमीन हलली तिथल्या माणसाला त्याचा सेकंदाचाही फायदा नव्हता.

डहाणू-तलासरीची अडचण नेमकी हीच आहे.

भूकंपात आधी वेगवान लाट येते, तिचा वेग खडकात साधारण सेकंदाला ६ किलोमीटर. ती ढकलते, पण फारसं पाडत नाही. मागून येते ती हलवणारी, पाडणारी लाट, साधारण साडेतीन किलोमीटर वेगाने. आजचे सगळे अलार्म पहिली लाट पकडून दुसरीच्या आधी वाजायचा प्रयत्न करतात. भूकंप दूर असेल तर हे जमतं. २००१ मध्ये भुजला झाला तसा भूकंप साधारण ४५० किलोमीटरवर झाला, तर डहाणूत दोन लाटांमध्ये पाऊण मिनिटाहून थोडा जास्त वेळ मिळेल. पण भूकंप पायाखाली १० किलोमीटरवर झाला तर? पहिली लाट पावणेदोन सेकंदात येते, दुसरी तीन सेकंदांच्या आत. मध्ये उरतो जेमतेम सव्वा सेकंद. तेवढ्यात अंगावरचं पांघरूणसुद्धा निघत नाही.

फोनवरच्या सूचनेचंही तेच. गुगलने २०२३ मध्ये भारतात अँड्रॉइड फोनवर भूकंपाची सूचना सुरू केली. फोनमधलाच हालचाल ओळखणारा सेन्सर त्यासाठी वापरतात. सोय चांगली आहे, पण ती ४.५ आणि त्यापुढच्या भूकंपांसाठी आहे. डहाणू-तलासरीतले बहुतेक सगळे धक्के त्याच्या खालचे. म्हणजे फोन गप्प राहिला तरी घराला तडा जाऊ शकतो.

आता पुन्हा झांग हेंगकडे. यंत्र खरं ठरलं, पण माणसाची वाट काही सोपी झाली नाही. इ.स. १३३ मध्ये तो बादशहाच्या जवळच्या सल्लागारांत आला. एकदा बादशहाने त्याला विचारलं, की राज्यात लोक सगळ्यात जास्त कुणाचा तिरस्कार करतात. उत्तर सगळ्यांना माहीत होतं. दरबार तेव्हा अंतःपुरातल्या खोजांच्या मुठीत होता, आणि ते तिथेच उभे राहून त्याच्याकडे डोळे वटारून बघत होते. झांग हेंगने गोलमोल उत्तर दिलं आणि तिथून निघाला. आकाशाबद्दल कुणाचीही भीड न बाळगणारा माणूस इथे गप्प बसला. त्याला नावं ठेवायच्या आधी त्या खोलीत स्वतःला उभं करून बघा. गप्प बसूनही खोजांनी त्याच्याविरुद्ध कान भरायचे ते भरलेच.

१३६ मध्ये त्याला राजधानीबाहेर हेजियान इथे पाठवलं. तिथला राजपुत्र बेफिकीर आणि आजूबाजूचे गुंड माजलेले. झांग हेंगने गुपचूप माहिती काढून एकदम धरपकड केली आणि भागाला शिस्त लावली. दोन वर्षांनी निवृत्ती मागितली. घरी, शेताकडे परत जाण्याच्या ओढीवर त्याने एक छोटं काव्यही लिहिलंय आणि ते त्याच्या त्या दहा वर्षं खपून केलेल्या काव्यांपेक्षा जास्त वाचलं जातं. पण घरी राहणं नशिबात नव्हतं. राजधानीने पुन्हा बोलावलं आणि १३९ मध्ये तिथेच तो गेला. वय ६१. त्याच्या थडग्यावरचा लेख लिहिला तो जुन्या मित्राने, त्सुई युआनने. थडगं नानयांगला आहे.

आणि यंत्र?

ते हरवलं. राजवटी बदलल्या, लुओयांग जळलं, लुटलं गेलं. कांसं वितळवून नाणी करता येतात, हत्यारं करता येतात. यंत्राचा एकही तुकडा आजवर सापडलेला नाही.

पुढची गोष्ट जुन्या अलार्मच्या प्रश्नाला थेट भिडते. एकोणिसाव्या शतकात जपानमध्ये काम करणाऱ्या जॉन मिल्न या इंग्रज भूकंपतज्ज्ञाने हे वर्णन युरोपात पोचवलं. मग १९५१ मध्ये वांग झेनदुओ या चिनी संशोधकाने त्या १९६ अक्षरांवरून एक प्रतिकृती बनवली. देखणी होती. १९५३ मध्ये चीनने या यंत्राचं टपाल तिकीट काढलं. पुस्तकांत, संग्रहालयांत तीच प्रतिकृती झळकली. आजही नेटवर शोधलं तर बहुतेक तोच फोटो येतो. फक्त एक भानगड होती. ती भूकंप ओळखू शकत नव्हती. वांग यांनी आतला खांब उभा, खाली टेकलेला धरला होता. तो एक तर साध्या धक्क्यानेही पडेल नाहीतर हलणारच नाही, असा आक्षेप भूकंपतज्ज्ञांनी घेतला.

२००५ मध्ये फेंग रुई यांच्या गटाने वरून टांगलेला लोलक धरून नवी प्रतिकृती केली. तिला तांगशानसह चार खऱ्या भूकंपांच्या नोंदवलेल्या लाटा देऊन बघितलं. ती चालली. बाहेरून दोन्ही यंत्रं सारखीच दिसतात. ड्रॅगन आठ, बेडूक आठ.

घरातल्या अलार्मचंही असंच आहे. बाहेरून बघून काही कळत नाही. धुराचा अलार्म बनवल्याच्या तारखेपासून साधारण १० वर्षं धरतात. ही १० वर्षं तारखेपासून मोजायची, वापरायला काढल्यापासून नाही. खोक्यात पडून राहिला तरी वय होतच असतं. काही धुराच्या अलार्ममध्ये अमेरिशियम हा किरणोत्सारी पदार्थ असतो, तो अर्धा व्हायला ४३२ वर्षं लागतात. म्हणून कुणी म्हणेल की यंत्र चारशे वर्षं टिकेल. पदार्थ टिकेल हो, पण आजूबाजूची पोकळी धुळीने आणि बारीक किड्यांनी भरते, जोड गंजतात. गॅसगळतीच्या अलार्ममधला सेन्सर तर त्याच्याही आधी मंद होतो. कंपनीप्रमाणे पाच ते दहा वर्षं, मुदत मागच्या बाजूला छापलेली असते. डहाणू, बोर्डी, घोलवडसारख्या किनाऱ्यावर खारी दमट हवा हे काम आणखी लवकर करते.

मग ते टेस्टचं बटण? ते दाबल्यावर आवाज आला म्हणजे बॅटरी आणि भोंगा शाबूत आहे, एवढंच बऱ्याच यंत्रांत कळतं. धूर किंवा गॅस आला तर ओळखेल का, हे कळेलच असं नाही. लुओयांगमध्ये कुणी हाताने गोळा बेडकाच्या तोंडात टाकला असता तरी खणखणीत आवाज आलाच असता.

भूकंपाच्या घरगुती यंत्रात आत एखादा लोलक किंवा हालचाल मोजणारी चिप असते. जुनं लोलकाचं यंत्र वर्षानुवर्षं आडवं पडलं असेल तर लोलक अडकू शकतो. भिंतीवर सरळ लावलं नाही तर उगाच वाजतं किंवा वाजतच नाही. ट्रक गेला, दार आपटलं तरी ओरडतं. आणि चार वेळा उगाच ओरडलं की माणूस त्याची बॅटरी काढून ठेवतो. त्यापेक्षा तांगशाननंतर चीनमधल्या लोकांनी केलेला उपाय साधा होता. १९७६ च्या त्या भूकंपात सरकारी आकड्यानुसार २ लाख ४२ हजार माणसं गेली. नंतर किती तरी घरांत लोक रिकामी बाटली तोंडावर उभी करून झोपायचे. पडली की बाहेर पळायचं. त्या बाटलीला मुदत नव्हती, पण सव्वा सेकंदाचं गणित तिलाही लागू होतं.

म्हणून डहाणू-तलासरीत अलार्मपेक्षा भिंतीचा प्रश्न मोठा ठरतो. कारवीच्या कुडाची, शेणामातीने लिंपलेली वारल्यांची जुनी झोपडी हलकी असते. ती हलते, वाकते, पडली तरी डोक्यावर दगड येत नाहीत. मातीत रचलेल्या दगड-विटांची, वर जड छप्पर घेतलेली भिंत वेगळी. किल्लारीत ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे माणसं मेली ती बहुतेक अशाच जाड दगडी भिंतींखाली. तिथेही आदल्या वर्षी, १९९२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये छोटे छोटे धक्के बसले होते. याचा अर्थ डहाणूत तसंच होईल असा अजिबात नाही. अशा धक्क्यांच्या मालिका बऱ्याचदा मोठा भूकंप न होताच विरून जातात. पण मालिका सुरू आहे तोवर भिंती बघून घ्यायला, पलंग जड कपाटापासून आणि मांडणीपासून सरकवायला, बाहेर पडायची वाट मोकळी ठेवायला वेळ असतो. अलार्म वाजल्यावर तो नसतो.

धक्के सुरू झाल्यावर शास्त्रज्ञांनी या भागात भूकंपमापक बसवले. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेची माणसं आली, राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राचीही आली. ही यंत्रं कुणाला झोपेतून उठवत नाहीत. हादरा कुठे झाला, किती खोल, केवढा, हे ती लिहून ठेवतात आणि त्यावरून कुठली घरं आधी मजबूत करायची ते ठरवता येतं.

झांग हेंगच्या नावाने आज चंद्राच्या मागच्या बाजूला एक विवर आहे आणि १८०२ क्रमांकाचा एक लघुग्रह आहे. २ फेब्रुवारी २०१८ ला चीनने भूकंपाच्या अभ्यासासाठी एक उपग्रह सोडला, त्याचं नावही झांगहेंग-१. त्यानंतर नऊ महिन्यांनी धुंदलवाडीत पहिले हादरे बसायला लागले.